खडपकर श्वास घेतात

चोपन्न वर्षं सुभाष खडपकर कोणालाही न विचारता श्वास घेत होते आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. मग एके दिवशी त्यांनी तो नीट घ्यायचं ठरवलं. त्यानंतर जे झालं त्यात अर्ज आले, पालिकेचा माणूस आला आणि शेवटी एका म्हाताऱ्याच्या कपाळाला टाके पडले.

सुरुवात डॉक्टरीणबाईंनी केली. ऑफिसातल्या मार्चएंडच्या धावपळीनंतर खडपकरांचं डोकं दुखायला लागलं म्हणून ते स्टेशनजवळच्या दवाखान्यात गेले. बाईंनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला. "थोडं वर आहे," त्या म्हणाल्या. "गोळी लगेच नको. महिनाभर बघू. मीठ कमी करा, आणि रोज सकाळी शांत बसून श्वास घ्या. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. एवढंच. नाही उतरलं तर मात्र गोळी सुरू करू."

गोळी हा शब्द खडपकरांना लागला. त्यांचे साडू गेली दोन वर्षं जेवणानंतर सगळ्यांसमोर गोळ्यांची डबी काढत, आणि भाच्याच्या मुंजीत खडपकरांनी भर पंगतीत त्यांना "चालतंबोलतं मेडिकल" म्हणून घेतलं होतं. पंगत हसली होती. साडू हसले नव्हते. तेव्हा आता आपण गोळी घ्यायची म्हणजे त्या साडूंच्या तावडीत आयतं सापडायचं. त्यापेक्षा श्वास बरा. त्याला खर्च नाही, पथ्य नाही, आणि शिवाय सवय आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी खडपकर हॉलमध्ये चटईवर मांडी घालून, डोळे मिटून बसले. एक, दोन, तीन...

"बसलाच आहात तर लसूण सोला," शुभदाताई म्हणाल्या आणि त्यांच्या मांडीवर ताटली ठेवून गेल्या.

"अगं, मी श्वास घेतोय."

"मग घ्या की. हात मोकळेच आहेत."

लसूण सोलताना चारपर्यंत आत श्वास घेतला तर काय होतं, हे खडपकरांना त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी ते बेडरूममध्ये बसले, तर वरच्या मजल्यावर टाइल्स काढायचं काम निघालं. बाल्कनीत कबुतरं होती. बाथरूममध्ये दार लावून बसले, तर पाणी जायची वेळ झाली म्हणून शुभदाताईंनी बाहेरून दार ठोठावलं आणि "बरं आहे ना तुम्हाला?" असं इतक्या काळजीने विचारलं की समोरच्या हंसाबेन धावत आल्या.

हंसाबेन म्हणजे मजल्यावरच्या आरोग्यखात्याच्या स्वयंघोषित प्रमुख. कोणाला शिंक आली की त्यांच्याकडे काढा तयार. त्यांनी सगळी हकिगत ऐकून घेतली आणि कपाळावर हात मारला.

"अरे सुभाषभाई, घर में क्या सांस लेते हो? घर में तो टेन्शन छे! खुली हवा में जाओ, टेरेस पे. मैं तो रोज सांस लेती हूँ, मारी तो बधी टॅब्लेट बंद!"

सगळ्या गोळ्या बंद, हे शेवटचं वाक्य खडपकरांना अमृतासारखं वाटलं. आणि टेरेसचं आपल्याला इतके दिवस कसं सुचलं नाही, याचंही नवल वाटलं. सुचलं नव्हतं कारण टेरेसला कुलूप होतं, आणि किल्ली धर्मेश गावंडकडे होती.

इथे 'सागरछाया'विषयी थोडं सांगायला हवं. भाईंदरच्या नवघर भागातल्या या इमारतीतून सागर दिसत नाही, आणि छाया पडते ती समोरच्या इमारतीची. ज्या जमिनीवर ती उभी आहे ती गावंडांची. धर्माबाबा गावंड पावसाळ्यात तिथे भात लावायचे आणि एरवी मिठागरात राबायचे. जमिनीच्या बदल्यात त्यांना तळमजल्यावरची दोन घरं मिळाली, आणि त्यांचा मुलगा धर्मेश सोसायटीचा सेक्रेटरी झाला. बाप जितका ऐसपैस तितका मुलगा काटेकोर. धर्माबाबा दाराबाहेर खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करत बसायचे, आणि त्या खुर्चीमुळे जिन्याची वाट अडते अशी नोटीस धर्मेशने त्यांना दोनदा दिली होती.

"टेरेस कशासाठी पाहिजे, काका?" धर्मेशने विचारलं.

"श्वास घ्यायला."

"फ्लॅटमध्ये घेता येत नाहीये?"

"नीट घेता येत नाही."

"म्हणजे व्हेंटिलेशनची कंप्लेंट आहे. ती बिल्डरकडे जाईल."

"अरे, तसं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय. शांतपणे बसून, मोजून."

धर्मेशने बराच विचार केला. "काका, प्रॉब्लेम असाय, की पर्सनल युजला टेरेस देता येत नाही. उद्या तुम्ही श्वास घेणार, परवा कोणी पापड वाळत घालणार. पण ग्रुप ॲक्टिव्हिटी असेल तर देता येतं. पाच-सहा मेंबर आणा, अर्ज द्या, मी मंजूर करतो."

म्हणजे खडपकरांना शांत बसायचं असेल तर आधी गर्दी जमवायला हवी होती. दुसरा कोणी असता तर त्याने लसूण सोलणं पत्करलं असतं. पण अर्ज करून नाही ऐकून घेणं खडपकरांच्या स्वभावात नव्हतं. पंचवीस वर्षं विमा कंपनीत काढलेला माणूस तो. अर्ज कसा मंजूर करून घ्यायचा हे त्याला शिकवावं लागत नाही. हंसाबेन तयारच होत्या. त्यांनी आपल्या भजनमंडळातल्या चौघींना आणलं. शुभदाताईंना नाइलाजाने यावं लागलं. आणि जिन्यात धर्माबाबांनी अडवून विचारलं, "काय चाललाय, मास्तर?"

खडपकर मास्तर नव्हते. पण त्यांच्या हातात कागद होता आणि कानावर पेन होतं, एवढं धर्माबाबांना पुरेसं होतं.

"श्वासाचा वर्ग काढतोय, बाबा. ब्लडप्रेशरसाठी."

"मंग माजा बी नाव टाका. मना पन ता बीपी हाय. मिठागरात जल्म गेला, खारा वारा खाल्ला, तवा काय झाला न्हाय. आता पंख्याखाली बसून झाला."

अशा रीतीने टेरेसचं कुलूप निघालं. पहिल्या सकाळी खडपकर सगळ्यात आधी वर गेले. उत्तनच्या किनाऱ्याकडून वारा येत होता, पाण्याच्या टाकीमागे सावली होती, खालच्या रस्त्यावर अजून हॉर्न सुरू झाले नव्हते. त्यांनी डोळे मिटले आणि एक सुंदर, लांब, थंडगार श्वास अर्धा आत घेतला. अर्ध्यावर दार वाजलं आणि मंडळी चटया घेऊन आली. त्यानंतर महिनाभर खडपकरांच्या वाट्याला श्वास असा आलाच नाही.

कारण साधं होतं. अर्जावर आयोजक म्हणून त्यांचं नाव होतं, तेव्हा मोजायचं त्यांनी. आता, तोंडाने "एक... दोन... तीन... चार..." म्हणणाऱ्या माणसाला त्याच वेळी नाकाने श्वास आत घेता येत नाही, ही शरीररचनेतली त्रुटी आजवर कोणाच्या लक्षात आली नसावी. समोरची मंडळी भरून घेत होती, सोडत होती, त्यांच्या चेहऱ्यांवर तुकतुकी येत होती. आणि खडपकर संधी मिळेल तेव्हा दोन आकड्यांच्या मधे, चोरट्यासारखा, इवलासा श्वास ओढून घेत होते.

शिवाय वर्ग म्हटला की तंटे आले. टाकीमागच्या सावलीत कोणी बसायचं यावरून भजनमंडळात दोन तट पडले. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले म्हणाले की खडपकर चार फार लवकर मोजतात. शुभदाताई म्हणाल्या की सहा फार लांबवतात. व्हॉट्सॲप ग्रुप निघाला, त्यावर लोक रात्रंदिवस श्वासाचे व्हिडिओ पाठवू लागले, आणि एका व्हिडिओत डावी नाकपुडी आधी सांगितली होती व दुसऱ्यात उजवी, यावरून दोन जणांनी ग्रुप सोडला. त्यांना फोन करून परत आणायचं काम आयोजकाचं.

दुसऱ्या आठवड्यात हंसाबेनने भ्रामरी आणली. कानात बोटं घालायची, ओठ मिटायचे आणि श्वास सोडताना भुंग्यासारखा आवाज काढायचा. "भमरा जैसा, मुंह बंद," त्यांनी करून दाखवलं. धर्माबाबांना हा प्रकार भलताच आवडला. आयुष्यभर बांधावरून पलीकडच्या बांधावरच्या माणसाशी बोललेला तो गळा. त्यांचा भुंगा एकदा सुटला की टाकीचं झाकण थरथरत असे. एव्हाना जमलेली वीसेक माणसं आणि मधोमध धर्माबाबा, असा तो गुंजारव रोज सकाळी 'सागरछाया'वरून निघून समोरच्या इमारतीच्या खिडक्यांवर जाऊन आदळू लागला.

समोरच्या इमारतीने आठ दिवस दम धरला. नवव्या दिवशी तक्रार केली, की 'सागरछाया'च्या गच्चीवर विनापरवाना मोबाइल टॉवर बसवला असून त्याच्या आवाजाने व किरणांनी रहिवाशांना चक्कर येते.

पालिकेचा माणूस आला तेव्हा वर्ग ऐन रंगात होता. सर्वांच्या कानात बोटं, सर्वांचे डोळे मिटलेले. तो बिचारा दारात उभा राहून दोन-तीनदा "नमस्कार" म्हणाला. मग त्याने टाकीला वळसा घातला, लिफ्टच्या मशीनरूममध्ये डोकावला, गच्चीच्या कठड्यावरून वाकून पाहिलं, आणि शेवटी खडपकरांच्या खांद्यावर हात ठेवला. खडपकर दचकून किंचाळले. त्यांच्या किंचाळण्याने वर्गाला वाटलं की नवीन प्रकार सुरू झाला, आणि पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी तसंच करून पाहिलं.

"मशीन कुठे आहे?" त्या माणसाने विचारलं.

"मशीन नाही हो. आम्हीच."

"आम्हीच म्हणजे?"

"हा आवाज आम्ही काढतो."

"का?"

धर्मेश मिनिट्सची फाइल घेऊन धावत वर आला, आणि प्रात्यक्षिक द्यायचं ठरलं. धर्माबाबांनी कानात बोटं घातली आणि छाती भरून एक भुंगा सोडला. पालिकेच्या माणसाने तो संपेपर्यंत वाट पाहिली. तो बराच वेळ संपला नाही.

"लिहितो तसं," शेवटी तो म्हणाला. "यंत्र आढळलं नाही. पण आजोबांना जरा हळू करायला सांगा."

या प्रसंगाने वर्गाची कीर्ती नवघरभर झाली. शेजारच्या सोसायट्यांतून लोक यायला लागले. भाजीवाला खडपकरांना "मास्टरजी" म्हणू लागला. समोरच्या इमारतीतले तक्रार करणारे गृहस्थसुद्धा येऊन टाकीमागच्या सावलीत बसले, आणि सावलीचा प्रश्न आणखी बिकट झाला.

महिना संपला. खडपकर दवाखान्यात गेले. बाईंनी पट्टा फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला आणि चष्मा काढला.

"हे तर वाढलंय! श्वासाचं करत होतात ना?"

"रोज. वर्ग चालवतो."

"कसला?"

"श्वासाचाच. चाळीसेक लोक येतात. त्यांच्या चटया, भांडणं, ग्रुप..."

बाईंनी शांतपणे गोळी लिहून दिली.

आता आली का पंचाईत! नवघरमधल्या एका मेडिकलवाल्याची बायको वर्गाला येत होती आणि दुसऱ्याची आई. मास्तर गोळी घेतात हे अर्ध्या तासात ग्रुपवर आलं असतं. म्हणून खडपकर रिक्षा करून थेट काशीमीऱ्याला गेले. हायवेच्या त्या नाक्यावर ट्रकवाले, गॅरेजवाले आणि परगावच्या बसची वाट बघणारे लोक. तिथे खडपकरांना ओळखणारं कोणी असायचं कारण नव्हतं. गोळ्या आणून त्यांनी त्या चष्म्याच्या जुन्या घरात लपवल्या आणि रोज बाथरूममध्ये जाऊन घेऊ लागले.

"लोक बाहेर चोरून काय काय करतात," शुभदाताई म्हणाल्या. "तुम्ही बीपीची गोळी घेता."

"आस्ते बोल गं. हंसाबेनना ऐकू जाईल."

दुसऱ्या खेपेला ते काशीमीऱ्याच्या त्याच दुकानात पोहोचले, तर काउंटरपाशी एक ओळखीची पाठ होती. पाठ वळली. धर्मेश गावंड.

"काका! तुम्ही इकडे?"

"हो, जरा... खोकल्याचं औषध. शुभदाला. तू?"

"मी पण तेच. खोकलाच."

दुकानदाराने अत्यंत निर्विकारपणे दोघांसमोर एकाच रंगाची एकेक पट्टी ठेवली. मागून एक ट्रक कर्कश हॉर्न देत गेला. दोघेही पट्ट्यांकडे पाहत राहिले.

"भाईंदर साइडचे का?" दुकानदार म्हणाला. "तिकडून आता बरेच लोक येतात. तिकडे मेडिकल कमी आहेत का, म्हणतो मी. पण सगळे इकडेच."

परतीची रिक्षा दोघांनी एकत्र केली. वाटेत धर्मेश म्हणाला, "बाबांना सांगू नका. ते बोलतात आमच्या घरात जवान पोराला बीपी होत नाही."

"माझं कोणालाच सांगू नकोस," खडपकर म्हणाले. झालं, ठरलं. दोन सभ्य माणसांमधला तो करार होता आणि तो बहुधा वर्षानुवर्षं टिकला असता.

पण चारच दिवसांनी सकाळी वर्गात धर्माबाबांची जागा रिकामी राहिली. त्यांच्या आवाजाशिवाय वर्ग अगदी केविलवाणा वाटला. शेवटची भ्रामरी चालू होती तेव्हा टेरेसचं दार आपटलं आणि जिजाबाई, धर्माबाबांची बायको, पदर खोचून आत आल्या.

"कुठं हाय यो मास्तर?"

ऐंशी बोटं कानातून बाहेर आली.

"तुमच्या फुंकाफुंकीपायी आमच्या म्हाताऱ्यानं गोल्या टाकून दिल्यान! महिना झाला! मना बोलला घेतो, आन् गपचूप मोरीत टाकी. काल चक्कर येऊन उंबऱ्यावर परला. कपाल फुटला. टाके घातलेत डाक्तरनी. इचारला गोल्या का टाकल्या, तं बोलतो, मास्तर गोली घेत न्हाय, हंसाबेन घेत न्हाय, मंग मी कशाला घेऊ?"

टेरेसवर कोणी श्वास घेतला नाही. हंसाबेन आपल्या चटईच्या दोऱ्या बघू लागल्या.

आजवर या प्रकरणात खडपकरांची शांतता गेली होती, झोप गेली होती. पण दुसऱ्याचं कपाळ फुटेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. ते जिजाबाईंच्या मागून जिना उतरले. वाटेत आपल्या मजल्यावर थांबून घरात गेले, आणि चष्म्याचं घर खिशात घालून बाहेर आले.

धर्माबाबा कॉटवर पडले होते. कपाळाला पट्टी, एक डोळा सुजलेला. आवाजही निम्मा झालेला. खडपकरांना पाहून त्यांनी उठायचा प्रयत्न केला.

"मास्तर, तुमचा वर्ग बुडला माज्यामुलं."

खडपकरांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं, उघडलं, आणि आतली पट्टी म्हाताऱ्याच्या हातावर ठेवली.

"ही माझी आहे, बाबा. मी रोज घेतो. तुमच्यापेक्षा मोठा गाढव मी. घेतो आणि सांगत नाही."

धर्माबाबांनी पट्टी उलटीसुलटी केली. त्यातल्या रिकाम्या घरांवरून अंगठा फिरवला. "कदीपासना?"

"झाले बरेच दिवस. श्वासाने बरं वाटतं, खोटं नाही. पण डॉक्टरांनी गोळी दिली तर ती घ्यायचीच. हे मी पहिल्याच दिवशी ओरडून सांगायला हवं होतं."

कोपऱ्यात धर्मेश उभा होता. त्याने खाकरून घसा साफ केला. नियमाबाहेर जाऊन काही बोलायचं असलं की तो खाकरतो. "बाबा," तो म्हणाला, "मी पण घेतो."

जिजाबाईंनी आधी मुलाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग खडपकरांकडे. "मेल्यांनो," त्या म्हणाल्या, "एका बिल्डिंगीत तीन पुरूस, आन् तिघंव लपून गोल्या खातान न् टाकतान? दारू हाय का ती?"

धर्माबाबांना हसू आलं. टाके दुखले म्हणून त्यांनी कपाळ धरलं आणि तसेच हसत राहिले.

दुसऱ्या दिवशी खडपकरांनी वर्गापुढे उभं राहून सगळं सांगितलं. काशीमीऱ्यासकट. साडूंचंही सांगितलं, खरं तर त्याची गरज नव्हती. बोलून झाल्यावर आता लोक चटया गुंडाळून निघून जातील, अशी त्यांची खात्री होती. तसं काही झालं नाही. निवृत्त बँकवाले उठले आणि म्हणाले की ते दहिसरहून गोळ्या आणतात. भजनमंडळातल्या दोघी सुनांच्या नावावर मागवत होत्या. तक्रारवाल्या गृहस्थांनी आपल्याला दोन प्रकारच्या गोळ्या असल्याचं सांगितलं. हंसाबेन सगळ्यात शेवटी उठल्या.

"मारी बंद हती," त्या म्हणाल्या. "सच्ची में बंद हती. एक वीक."

नंतरच्या आठवड्यात धर्माबाबा परत आले, आणि त्यांच्याबरोबर धर्मेश व जिजाबाईही. जिजाबाईंचा आता कोणावरच भरवसा उरला नव्हता. त्या टेरेसच्या दारात उभ्या राहून आत येणाऱ्या प्रत्येकाला "गोली घेतली?" असं विचारत, आणि उत्तर जरा ढिलं वाटलं तर परत खाली पाठवत. मोजायचं कामही त्यांनीच घेतलं, कारण खडपकरांचं मोजणं त्यांना मिळमिळीत वाटलं.

तेव्हा त्या सकाळी खडपकर पहिल्यांदाच इतरांसारखे चटईवर बसले. डोळे मिटले.

"आत घ्या," जिजाबाई म्हणाल्या. "एक. दोन. तीन..."

खडपकरांनी छाती भरून घेतली आणि चारची वाट पाहू लागले. चार येईना. जिजाबाईंना खाली रस्त्यावर बोंबिलवाली दिसली होती.

"ए, कसं दिलंस? ताजं हाय का कालचं? न्हाय न्हाय, वर नको येऊस, तितूनच बोल!"

चाळीस माणसं छाती फुगवून तिसऱ्या आकड्यावर तशीच अडकली. बँकवाले लाल झाले. हंसाबेनचे डोळे मोठे झाले. नियम मोडायचा नाही म्हणून धर्मेश सगळ्यात ताठ बसला होता, आणि त्याच्या कानांच्या पाळ्या जांभळ्या पडायला लागल्या होत्या. खाली भाव ठरेना. खडपकरांनी डोळे उघडून त्या पाळ्यांकडे पाहिलं, शुभदाताईंच्या फुगलेल्या गालांकडे पाहिलं, आणि त्यांना राहवलं नाही. त्यांचा सगळा श्वास एकदम, मोठ्याने, हसत बाहेर पडला. मग धर्माबाबांचा. आणि मग सगळ्या टेरेसचा.

जिजाबाई वळल्या.

"चार म्हनायच्या आदी कोनी सोरला?"